खाली आर्डिस, वर सेल्मर

जानेवारीतल्या एका संध्याकाळी आर्डिस काकूने टीव्ही लावला, तर बावीस नंबरच्या चॅनलच्या जागी नुसता निळा पडदा. त्यावर पांढऱ्या अक्षरांत डिश कंपनीचं गाऱ्हाणं: आम्ही तुमच्यासाठी झगडतो आहोत, पण चॅनलचे मालक हटून बसलेत, तेव्हा काय तो राग त्यांच्यावर काढा. गाडीतला रेडिओ लावावा तर तिथे चॅनलवाले गळा काढून बसलेले: आम्ही तर दार उघडं ठेवून उभे आहोत हो, डिशवाल्यांनीच कडी घातली. मधल्या सुट्टीत दोन पोरांनी एकमेकांकडे बोट दाखवून "बाई, यानेच आधी" म्हणावं, तसं. शाळेत निदान बाई तरी असतात.

काकूने कंपनीला फोन लावला. मधात बुडवलेल्या आवाजाची एक बाई म्हणाली की आपला कॉल आमच्यासाठी फार मोलाचा आहे, आणि मग बासरी सुरू झाली. काकूने बासरी ऐकत भांडी घासली, टॉवेलांच्या घड्या घातल्या, बटाटे सोलले. शेवटी "बरं, तुमचं चालू द्या" असं त्या बासरीलाच सांगून तिने फोन ठेवला. न सांगता फोन ठेवणं तिच्या रक्तातच नाही.

ती बाबांची काकू, म्हणून आमच्या घरात सगळ्यांचीच काकू. पश्चिम विस्कॉन्सिनच्या टेकड्यांत, आमच्या खोऱ्याच्या अगदी तळाशी तिचं घर, आणि रस्त्याच्या अलीकडे आमचं. ऑर्लिन काका शाळेची बस चालवायचे आणि काकू त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात. त्यामुळे गावातली निम्मी माणसं त्यांनी आणलेली आणि तिने जेवू घातलेली. जे पोर तिच्या खिडकीपाशी मान खाली घालून उभं राहायचं, त्याला ती काही न विचारता दुप्पट बटाटे वाढायची आणि "चल, पुढे सरक, रांग अडलीय" म्हणून वर खेकसायची. बाबा म्हणतात, तिच्या खेकसण्यावर त्यांचं पाचवीचं वर्ष निघालं.

काकूचं बोलणं मोजून दोन गोष्टींवर चालतं. एक म्हणजे "तसं वाईट नाही." लग्नातला केक तसा वाईट नाही, मूतखडाही तसा वाईट नाही. कुठलं किती वाईट नाही हे सुरावरून ओळखायचं. दुसरं म्हणजे तिचं "हो". ते बाहेर पडतच नाही, ती श्वास आत ओढत म्हणते, जणू गरम सूप चाखतेय. जुन्या नॉर्वेजियन घरांतली सगळी म्हातारी माणसं असंच म्हणतात. बाहेरचा माणूस धावत जाऊन पाणी आणतो.

तर बावीस नंबर. त्यावर रोज संध्याकाळी ग्लेन वॉल्बर हवामान सांगतो. ग्लेन असा बोलतो, जणू हिमवादळ त्याच्या मेव्हण्याने पाठवलंय आणि त्याला सगळ्यांची माफी मागायला पुढे केलंय. "मंडळी, काय करणार, उद्याही जरा..." आणि मग पुढचं सगळं चेहऱ्यावर. शेवटी तो एक नकाशा दाखवतो. आसपासची साधीच माणसं रोज सकाळी आपल्या अंगणातला थर्मामीटर बघून चॅनलला आकडा कळवतात; ग्लेन त्यांना पहारेकरी म्हणतो. ज्याचं घर जिथे, तिथे नकाशावर त्याचं नाव आणि आकडा. ऑर्लिन काका गेल्यावर काकू पहारेकरीण झाली. त्याच हिवाळ्यात तिच्या नावाच्या बरोबर डोक्यावर, डोंगरमाथ्याच्या जागी, आणखी एक नाव उगवलं. सेल्मर.

सेल्मर ब्रेक्के हा तिचा सख्खा धाकटा भाऊ. माथ्यावरचं शेत त्यांच्या आईवडिलांचं. काकू लग्न करून खाली आली, सेल्मर गाई सांभाळत वरच राहिला, एकटा. आई गेली, आणि पुढच्या वसंतात एके सकाळी काकू कॉफीबरोबर खायचा केक घेऊन वर गेली, तर गोठा रिकामा आणि गाईंचा शेवटचा ट्रक फाटकातून बाहेर पडत होता. त्याने तिला सांगितलंच नव्हतं. ती म्हणाली, आईच्या गाई होत्या त्या. तो म्हणाला, पहाटे धारा काढायला आई येत नव्हती, आणि तूही नाही. काकू केक घेऊन तशीच परत फिरली. तेव्हापासून अबोला. चर्चमध्ये ती डावीकडे, तो उजवीकडे. कुणाच्या मयताचं जेवण असलं तर ती बटाट्यांच्या ट्रेपाशी आणि तो पार लोणच्यांच्या टोकाला.

पण नकाशा आला की काकू हातातलं विणकाम खाली ठेवायची. स्वतःच्या नावाकडे ती बघायचीच नाही, तिचे डोळे एक बोट वर. "सेल्मर" दिसलं की ती म्हणायची, "खोटारडा." वारा पडलेल्या रात्री थंडी पाण्यासारखी वाहत खाली येऊन खोऱ्यात साचते, त्यामुळे काकूचा आकडा नेहमीच त्याच्यापेक्षा खाली. हे तिलाही ठाऊक होतं. तरी तिचं म्हणणं एकच, सेल्मरने थर्मामीटर चिमणीला बांधलाय. एवढं बोलून ती टीव्ही बंद करायची. पुढचा खेळ नाही, मालिका नाही. भाऊ आहे, आकडा कळवण्याइतका धड आहे, दिवस संपला.

हिवाळ्याच्या तोंडावर सेल्मरच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली होती. काकूला ते कळलं ते चर्चमध्ये पाद्रीणबाईंनी त्याच्यासाठी प्रार्थना सांगितली तेव्हा. तिने मान खाली घातली ती सगळ्यांच्या नंतर वर केली, आणि घरी येताना गाडीत म्हणाली की पाद्रीणबाईंचं आजचं बोलणं तसं वाईट नव्हतं. आता माथ्यावरचा रस्ता बर्फाने अर्धा बुजलेला, सेल्मर चर्चला येईनासा झालेला, आणि वर निळा पडदा. फोनवर चॅनलचा अंदाज दिसतो, पण नावांचा नकाशा तिथे नसतो. कुणाला विचारायचं म्हणजे तोंडाने नाव घ्यायचं. ते तर शक्यच नव्हतं.

गावाला मात्र वाटलं, म्हातारीला टीव्हीवर आपलं नाव बघायचंय. शेतीसामानाच्या दुकानातला ड्वेन तर रोज तिला सहीच मागायचा. "काय मग, सिनेताराबाई, आज कुठे दौरा?" काकू हसून सोडून द्यायची. मला ते विचित्र वाटायचं, कारण ड्वेनला एरवी ती दोन शब्दांत उभा चिरते.

आम्हाला खरी शंका आली ती बाबांमुळे. बाबा तिच्याकडे जाऊन म्हणाले, काकू, छपरावर अँटेना लावून देऊ का, बावीस नंबर हवेतून फुकट येतो. आता आमच्याकडे अशा प्रश्नाला होकार द्यायचा नसतो. पहिल्यांदा म्हणायचं, छे, कशाला. दुसऱ्यांदा म्हणायचं, तुझीच कामं पडलीत. तिसऱ्यांदा कुणी विचारलं तरच श्वास आत ओढायचा. विचारणाऱ्यानेही तीनदा विचारायचं असतं. दोनदा विचारून गप्प बसला तर त्याला मनातून द्यायचंच नव्हतं, आणि चौथ्यांदा विचारणारा आगाऊ. काकूने पहिल्याच वेळी श्वास आत ओढला. बाबा इतके गडबडले की सवयीने त्यांनी पुढचं दोनदा विचारूनही टाकलं. घरी येऊन आईला म्हणाले, काकूचं काहीतरी बिनसलंय.

ड्वेनने विचारलं, अँटेना कुठे लावणार, खोऱ्यात? मग अँटेना काय करायचाय, थेट देवालाच फोन करा. त्याचं चूक नव्हतं. चॅनलचा मनोरा पूर्वेला, आणि मध्ये आडवा पडलेला माथा. सेल्मरचाच. आधी खिडकीत लावायचा चपटा अँटेना आणला. त्यावर एक प्रवचनाचं चॅनल आणि घोड्यांवरून धावणारे जुने शेरीफ एवढंच आलं. माळ्यावर नेला तर ग्लेनचे तुकडे दिसायला लागले, इकडे कान, तिकडे टाय. मग बाबांनी छपरावरचा मोठा, माशाच्या काट्यासारखा अँटेना आणला आणि घरामागच्या चढावर जुन्या पवनचक्कीचा जो लोखंडी सांगाडा उभा आहे, त्यावर चढले. आई चढाच्या मध्यावर, मी मागच्या दारात, काकू टीव्हीसमोर. बाबा अँटेना इंचभर वळवायचे आणि ओरडायचे, आता? आई ओरडायची, आता का? मी आत विचारायचे, आता, काकू? आणि काकू म्हणायची, तसं वाईट नाही. हे मी बाहेर कळवायचे, आणि सांगाड्यावरून बाबा विचारायचे की म्हणजे दिसतंय की नाही. बोटं बधिर झालेल्या माणसाला सूर ओळखणं जमत नाही.

अखेर एकदा काकू काहीच बोलली नाही. मी आत बघितलं तर पडद्यावर अख्खा ग्लेन, टायसकट, आणि काकू खुर्चीच्या कडेवर आलेली. मी ओरडले, हलू नका, तिथेच बांधा. ग्लेनने माफीबिफी मागितली आणि नकाशा आला. तळाशी "आर्डिस", शून्याखाली एकोणीस. त्याच्या वर, माथ्याच्या जागी, काहीच नाही. नुसता हिरवा रंग.

बाबा बाहेरून हर्षाने विचारत होते, दिसलं का नाव?

"दिसलं," काकू म्हणाली. टीव्ही बंद करायला ती विसरली. पुढचा खेळ सुरू झाला, त्यात कुणीतरी गाडी जिंकलं, आणि काकू त्याच जागेकडे बघत राहिली, जिथे मघाशी माथा होता. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की ती इतके दिवस कुणाला शोधत होती.

तिच्यासमोर ते नाव काढायची आमच्यात कुणाचीच छाती नव्हती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही मी तिच्याकडे जाऊन बसले. पुन्हा तेच: खाली आर्डिस, वर हिरवं. काकूने टीव्ही बंद केला आणि म्हणाली, "उद्या शाळेतून आलीस की गाडी काढ. तो खिडकीतला अँटेना दुकानात परत करायचाय." मोतीबिंदूनंतर ती बर्फावर गाडी चालवत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना ती अँटेनाचा खोका मांडीवर घेऊन बसली. दुसरं काही नाही, ना डबा, ना केक. आमच्याकडे रिकाम्या हाताने कुणी कुणाच्या दारात जात नाही, म्हणजे आम्ही कुणाकडे जात नव्हतो. गावच्या वळणावर मी डावीकडे इंडिकेटर दिला. काकू म्हणाली, "आधी जरा वर वळ. रस्ता मोकळा केलाय का बघू." मी उजवीकडे वळले.

रस्ता कुणी मोकळा केलेला नव्हता. गाडी दोनदा आडवी झाली आणि दोन्ही वेळा काकूने फक्त खोका घट्ट धरला. सेल्मरच्या फाटकातून आत गेलेला एकही चाकाचा माग नव्हता. पायांचाही नाही. कडेची टपालपेटी अर्धी बर्फात. काकूचा श्वास ऐकू येत होता, आणि त्यात "हो" नव्हतं. मग झाडं संपली आणि घर दिसलं. चिमणीतून धूर निघत होता, सरळ, सावकाश, पांढरा.

काकूने डोळे मिटले, उघडले, आणि म्हणाली, "बरं. फिरव गाडी."

मी म्हटलं, काकू, आपण पायरीपासून हाकेवर आहोत. ती म्हणाली, धूर दिसला ना, झालं. मी म्हटलं, इथे गाडी फिरवायला जागा नाही, अंगणातच फिरवावी लागेल. जागा होती. पण मी नुकतंच लायसन घेतलं होतं, मला दिसत नसली तर नसली.

अंगणात शिरलो तर दार उघडलं. सेल्मर दारात उभा राहिला. शर्टाच्या कॉलरमध्ये त्याची मान भांड्यातल्या पळीसारखी हलत होती, इतका तो उतरला होता. काकूने काच खाली केली, उतरली मात्र नाही.

"काय," सेल्मर म्हणाला.

"काही नाही," काकू म्हणाली. "रस्ता बघायला आले होते."

सेल्मरने रस्त्याकडे बघितलं, जणू तो तिथे आहे की नाही याची खात्री करतोय. मग म्हणाला, आलीच आहेस तर आत ये. काकू म्हणाली, छे, इंजिन चालू आहे. सेल्मर म्हणाला, कॉफी ठेवलेलीच आहे. काकू म्हणाली, पोरीचा अभ्यास राहिलाय. माझं नाव पुढे करायची काही गरज नव्हती, पण मी गप्प बसले, कारण दोनदा झालं होतं आणि आता सगळं त्याच्यावर होतं. आणि सेल्मर बोलेना. चौकटीला हात लावून नुसता उभा. काकूचं बोट काचेच्या बटणावर गेलं. त्याने तिसऱ्यांदा विचारलं नसतं तर तिला जावंच लागलं असतं, आणि पुन्हा येता आलं नसतं, हे त्या दोघांनाही माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

"आर्डिस," सेल्मर म्हणाला, "घरातली सगळी ऊब बाहेर चाललीय. आत ये नाहीतर जा, पण मला दार लावू दे."

काकूने श्वास आत ओढला. हेच तिसरं. ती खोका घेऊन उतरली.

स्वयंपाकघरात टेबलाच्या टोकाला टीव्ही चालू होता, आणि त्यावर निळा पडदा. आम्ही तुमच्यासाठी झगडतो आहोत. सेल्मरने तो तसाच लावून ठेवला होता, कधी चित्र परत येईल म्हणून. काकू कोट न काढता त्या निळ्याकडे बघत उभी राहिली. सेल्मरने कॉफी ओतली, बिस्किटांचा डबा उघडा करून ठेवला, आणि दोघं आपापला कप ढवळत बसले.

"नकाशावर नाहीस तू," काकू अखेर म्हणाली.

"तुला कुठून दिसणार नकाशा? बंद आहे ना."

"पुतण्याने अँटेना लावलाय. पवनचक्कीवर."

सेल्मरने कप खाली ठेवला. "मला वाटलं, मला दिसत नाही म्हणजे तुलाही दिसत नसणार. मग कळवायचं कुणाला?"

"ग्लेनला."

"ग्लेनचा काय संबंध?" सेल्मर म्हणाला.

काकूने बिस्कीट घेतलं आणि न खाता बशीत ठेवलं. "मी कळवत होते," ती म्हणाली. "निळा पडदा होता तेव्हाही."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग उठून त्याने चुलीत लाकूड घातलं, गरज नसताना, आणि पाठमोराच म्हणाला की छातीवरचे टाके तसे वाईट नाहीत. काकू म्हणाली, पाद्रीणबाईंनी सांगितलं. तो म्हणाला, गाईंचं त्या वेळी तिला आधी सांगायला हवं होतं, तो फोनपर्यंत गेलाही होता, पण सांगितलं असतं तर हातून ते झालंच नसतं, आणि पाठ तर पार गेली होती. हे सगळं त्याने चुलीलाच सांगितलं. काकू म्हणाली, "तू एकटा धारा काढत होतास, ते मला दिसत होतं रे. मी केक आणत होते." बस, त्या विषयावर एवढंच. पुढे दोघंही लाकूड यंदा ओलं आहे यावर सविस्तर बोलले.

मी मधल्या वेळात खोका उघडून तो चपटा अँटेना सेल्मरच्या खिडकीला चिकटवला. माथ्यावर आहे तो, आडवं यायला पुढे काहीच नाही. चॅनलं इतकी आली की सेल्मर प्रत्येकाला "हे आणि कोण" विचारायला लागला. आणि बावीस नंबर तर असा स्वच्छ, की ग्लेनच्या टायवरचा कॉफीचा डागही दिसला. दोघं खुर्च्या ओढून बसले. नकाशा आला. तळाशी आर्डिस, शून्याखाली बावीस, वर मोकळं.

"बरं नाही दिसत ते तसं," सेल्मर म्हणाला. आणि जरा थांबून, "थर्मामीटर फ्रीजमध्ये ठेवतेस का गं तू?"

"तू तुझा चिमणीवरून काढ आधी."

दुसऱ्या संध्याकाळी माथ्यावर नाव परत आलं. ग्लेन म्हणाला, मंडळी, आमचे एक जुने पहारेकरी परत आलेत, काय सांगू किती बरं वाटतंय, आणि खरंच त्याचा आवाज जरा ओला झाला. काकू या वेळी खोटारडा म्हणाली नाही. ती फोनपाशी गेली, नंबर फिरवला आणि म्हणाली, "उद्या येताना काही आणू का?" पलीकडून नाही आलं असावं, कारण तिने लगेच पुन्हा विचारलं, आणि मग तिसऱ्यांदा.

तेव्हापासून मी तिला शुक्रवारी संध्याकाळी वर नेते. डिश कंपनीचं आणि चॅनलचं मार्चमध्ये जुळलं. दोघांनीही जाहीर केलं की आपणच जिंकलो, आणि निळा पडदा जाऊन घरोघरी बावीस नंबर पुन्हा दिसायला लागला. काकूकडेही. बाबांनी विचारलं, पवनचक्कीवरून अँटेना उतरवू का, तर ती म्हणाली, राहू दे, त्याला काय खायला घालावं लागतं.

त्या शुक्रवारी आम्ही वर गेलो, तर सेल्मरने डिशचा डबा टीव्हीवरून काढून फ्रीजवर ठेवला होता, आणि खिडकीतला अँटेना चिकटपट्टीने नव्याने पक्का केला होता.

"खाली अजून बंदच का?" त्याने कॉफी ओतता ओतता विचारलं.

काकूने माझ्याकडे बघितलं नाही. तिने श्वास आत ओढला.

"वाईट झालं," सेल्मर म्हणाला, आणि तिची खुर्ची टीव्हीसमोर सरकवली.